आपण कोणाला हसतो? : रोजची रीतभात आणि मराठी व्यंगचित्र

दिवाळी अंक हातात आला की पुष्कळ वाचक आधी अनुक्रमणिका पाहत नाहीत. अंगठ्याने पाने सोडत जातात आणि चित्र दिसेल तिथे थांबतात. कथा, लेख, कविता यांचा नंबर नंतर लागतो. मीही तसाच वाचक. न्हावऱ्यात लहानपणी आमच्या शाळेतल्या एका गुरुजींच्या घरी दोन-तीन दिवाळी अंक यायचे. ते गावभर फिरून आमच्या घरी पोहोचेपर्यंत होळी जवळ आलेली असे. अंकाचे कव्हर गेलेले, कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चहाचा गोल डाग. पण व्यंगचित्रे शाबूत असायची. कोणी फाडली नाहीत, कारण पुढच्यालाही ती पाहायची होती.

दहावीनंतर माझे शिक्षण सुटले आणि मी पाट्या रंगवायला लागलो. दुकानांचे बोर्ड, ग्रामपंचायतीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके. घोडगंगा कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्या रंगवून घ्यायला रांग लागे. फाळक्यावर मालकाला नाव हवे असे, देव हवा असे आणि मागच्या गाडीवाल्याला एखादा टोमणा हवा असे. हॉर्न वाजवणाऱ्याला काय म्हणावे, जवळ चिकटून चालवणाऱ्याला काय म्हणावे, हे मला रोज सुचवावे लागायचे. पुढे फ्लेक्स आला आणि कुंचला बाजूला पडला. तेव्हापासून जुने दिवाळी अंक जमवणे आणि त्यातली चित्रे वाचणे हा माझा उद्योग. शिरूरच्या रद्दीवाल्यापासून पुण्याच्या फूटपाथपर्यंत जिथे किलोवर अंक मिळाले तिथून आणले. मला कोणती पदवी नाही. फाळक्यावर टोमणा लिहिणारा माणूस एवढ्याच अधिकाराने हा लेख लिहितो आहे.

प्रश्न साधा आहे. राजकीय व्यंगचित्रांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण आपल्या व्यंगचित्रांचा मोठा भाग राजकारणाचा नाहीच. तो रांगेत घुसणाऱ्याचा आहे, दुसऱ्याचे वर्तमानपत्र मान वाकडी करून वाचणाऱ्याचा आहे, उठायचे नाव न घेणाऱ्या पाहुण्याचा आहे. म्हणजे रीतभातीचा आहे. या चित्रांत आपण नेमके कोणाला हसतो? आणि हसल्याने कोणी सुधारते का?

तीन माणसे

रीतभातीच्या कोणत्याही चित्रात तीन माणसे असतात. एक आगळीक करणारा, एक ती सोसणारा आणि एक पाहणारा. कधी पाहणारा चित्रातच असतो, कधी तो म्हणजे आपण वाचक. या तिघांपैकी हसू कोणाच्या अंगावर पडते त्यावर चित्राचा स्वभाव ठरतो.

करणाऱ्यावर पडले तर तो उपहास. ‘बघा, किती गावंढळ आहे!’ सोसणाऱ्यावर पडले तर तो भिडेखातर गप्प बसणाऱ्या माणसाचा विनोद होतो. आपल्याकडचा जेवणातला आग्रह आठवा. जावयाच्या ताटात चौथी पुरणपोळी पडते आहे, त्याला नाही म्हणता येत नाही आणि वाढणारीला थांबता येत नाही. दोघेही शिष्टाचाराचे कैदी. आणि हसू पाहणाऱ्यावर पडले तर चित्राची पातळीच बदलते, कारण तेव्हा वाचकाला आपलाच चेहरा दिसू लागतो. ही तिसरी जात सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्मीळ.

मराठीत या छटांना शब्दही वेगवेगळे आहेत. चिमटा, कोपरखळी, टोमणा, फिरकी, उपरोध, उपहास, कुचेष्टा. चिमटा काढणारा जवळचा असावा लागतो. लांबून चिमटा काढता येत नाही. कोपरखळी मारायला तर शेजारीच बसावे लागते. कुचेष्टेला मात्र जवळीक लागत नाही. ही जवळिकीची मोजपट्टी मला पुढे फार उपयोगी पडली.

चित्राच्या आधी शब्द होते

रीतभातीवरचा तिरकस विनोद आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असा एक समज आहे. चित्राचा साचा त्यांच्याकडून आला हे खरे, पण नजर जुनीच होती. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. तो परमार्थाचा भाग म्हणून वाचला जातो, पण चित्रकाराच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. दोघे बोलत असताना तिसराच जाऊन मध्ये बसतो. एक जण दोन्ही हातांनी डोके खाजवतो. एक जण आपणच आपली स्तुती करतो. एकेक ओवी म्हणजे एकेक तयार चौकट. त्याच दशकाच्या दहाव्या समासात ‘पढतमूर्ख’ येतो, आणि माझ्या मते तिथे समर्थांचा विनोद अधिक धारदार होतो. साध्या मूर्खाला हसणारा जो शिकलेला वाचक, त्यालाच तिथे पाठीत धपाटा बसतो. आधी दुसऱ्याला हसवून मग हसणाऱ्याकडे बोट वळवायचे, ही युक्ती आपल्या भाषेत सतराव्या शतकातच सिद्ध झाली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ने रूढींवर हा उपरोध गद्यात आणला. पुढे चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाने तो मध्यमवर्गीय घराच्या ओसरीवर आणून बसवला. चिमणराव स्वतःच फजिती सांगतो, म्हणून त्याला हसताना आपल्याला अपराधी वाटत नाही. व्यंगचित्रकारांना ही वाट आयती मिळाली.

परदेशी साचा, देशी रेष

१८४१ साली लंडनमध्ये ‘पंच’ हे साप्ताहिक निघाले. ‘कार्टून’ हा शब्द तोवर मोठ्या चित्राच्या कच्च्या आराखड्यासाठी वापरत. १८४३ मध्ये पार्लमेंटच्या भिंतींवर काढायच्या चित्रांच्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले. त्याची टर उडवताना ‘पंच’ने जॉन लीच या चित्रकाराच्या व्यंगचित्राला कार्टून म्हटले आणि शब्दाला नवा अर्थ चिकटला. म्हणजे या शब्दाचा जन्मच मुळी एका टोमण्यातून झाला.

‘पंच’मधले रीतभातीचे सर्वांत गाजलेले चित्र १८९५ सालचे, जॉर्ज ड्यू मॉरिए याचे. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या एका कनिष्ठ पाद्र्याच्या ताटलीत नासके अंडे आले आहे. यजमान बिशप ते ओळखतो आणि तसे बोलून दाखवतो. पाद्री नम्रपणे सांगतो की नाही, अंड्याचे काही भाग उत्तम आहेत. अंडे थोडे चांगले आणि थोडे नासके असू शकत नाही. पण वरिष्ठाच्या टेबलावर नासके म्हणायचे कसे? या चित्रावरून इंग्रजीत कायमचा वाक्प्रचार पडला. मला त्यात आपला चौथ्या पुरणपोळीचा जावईच दिसतो.

पुढे एच. एम. बेटमन या चित्रकाराने शिष्टाचाराच्या चुकांवर एक मालिकाच केली. संचलनात बंदूक हातातून पडलेला सैनिक हे त्यातले १९२२ सालचे प्रसिद्ध चित्र. चूक करणारा एवढासा, आणि भोवतालच्यांचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले, कोणी हवेत उडालेले, कोणी संतापाने फुगलेले. चुकीपेक्षा चुकीचा गहजब शंभरपट मोठा. नीट पाहिले तर हसू चुकणाऱ्यावर नाही, पाहणाऱ्यांवर आहे. तिसऱ्या जातीचा हा नमुना.

‘पंच’ हे नाव आपल्याकडेही रुजले. मुंबईत ‘पारशी पंच’ निघाला, ठाण्यातून मराठी ‘हिंदू पंच’ निघाला. पण रोजच्या वागण्यावरच्या मराठी चित्राला घरोघरी नेण्याचे मोठे श्रेय शंकर वासुदेव किर्लोस्करांना द्यावे लागते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली कारखान्याचे ‘खबर’ म्हणून सुरू झालेले पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि संपादक शं. वा. कि. स्वतः व्यंगचित्रे काढत. त्यांचा रोख बालविवाहावर, सोवळ्याओवळ्यावर, बुवाबाजीवर असे. त्यांच्या लेखी रीतभात म्हणजे नुसते कसे बसावे-उठावे एवढेच नव्हते. कोणाला घरात घ्यायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हीसुद्धा एक ‘रीत’च होती, आणि ती मोडायची होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिष्टाचाराचा विनोद नेहमी शिष्टाचार पाळायला सांगत नाही. कधीकधी तो शिष्टाचारच चुकीचा आहे असे सांगतो.

दिवाळी अंकाचे घर

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवे घर उभे राहिले. व्यंगचित्र या घरात भाडेकरू म्हणून आले. दोन कथांच्या मधली रिकामी जागा भरायला. पण स्वातंत्र्यानंतरच्या काळात भाडेकरूच मालक झाला. १९५१ पासून मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ आणि अनंत अंतरकरांच्या ‘हंस’-‘मोहिनी’सारखे अंक यांमुळे वाचक चित्रासाठी अंक घेऊ लागला.

‘आवाज’ची खिडकीचित्रे अनेकांना आठवत असतील. पानाला एक चौकोनी खिडकी कापलेली. तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि मन भलतीकडे धावते. पान उलटावे तर मागे अगदी साधे, निष्पाप दृश्य. त्यातली पुष्कळ चित्रे आज पाहवत नाहीत. बाईच्या अंगावर केलेला विनोद जुना झाला की शिळ्या तेलासारखा वास मारतो. पण युक्ती म्हणून पाहिले तर खिडकीचित्रात पकडला जातो तो वाचक. चित्रातल्या माणसांनी काहीच केलेले नसते. आगळीक झाली ती पान उलटायच्या आधी, वाचकाच्या डोक्यात. घरात चारचौघांत बसून हा अंक चाळणाऱ्याची जी तारांबळ उडे, तो त्या चित्राचा खरा दुसरा भाग होता.

शि. द. फडणीसांची वाट याच्या अगदी उलट. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज इथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने शब्द जवळजवळ टाकूनच दिले. त्यांच्या ‘हसरी गॅलरी’पुढे उभे राहून मराठी न येणारा माणूसही हसतो. ‘मोहिनी’चे त्यांचे एक मुखपृष्ठ अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. बसथांब्यावर एक तरुणी आणि एक तरुण. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. हे रीतभातीचे चित्र आहे असे मी म्हणतो, ते का? अनोळखी स्त्री-पुरुषांनी बसथांब्यावर कसे उभे राहावे याचा तेव्हाचा अलिखित नियम दोघेही पाळताहेत. माणसे सभ्य आहेत, गडबड चालली आहे ती कपड्यांची. मनात जे चालते ते चेहऱ्यावर येऊ न देणे म्हणजे सभ्यता. फडणीसांनी ते चेहऱ्यावर आणले नाही, कापडावर आणले. कोणाचाही अपमान न करता अख्ख्या समाजाचे अवघडलेपण त्यांनी दाखवून दिले.

वसंत सरवट्यांचे काम आणखी वेगळे. व्यवसायाने अभियंता असलेल्या या माणसाची रेष वरवर पाहता ओबडधोबड वाटे, पण पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली माणसे त्याच रेषेतून आपल्या ओळखीची झाली. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांच्या रीतभातीची हजेरी घेत, तेव्हा त्या लेखणीला सोबत सरवट्यांच्या रेषेची होती. प्रस्तावना कोणी कोणाला द्यायची, स्तुतीची परतफेड किती दिवसांत करायची, सत्काराला आपणच कसे तयार व्हायचे, हासुद्धा एक शिष्टाचारच की! विशेष म्हणजे ज्यांची टोपी उडवली जाई ते साहित्यिकच त्या मासिकाचे वाचक होते. कोपरखळी शेजारी बसून मारलेली होती, म्हणून ती लागली तरी खपली. परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख करून देणारे ‘परकी चलन’ लिहून सरवट्यांनी माझ्यासारख्या गावातल्या माणसासाठी एक खिडकीच उघडली. बेटमनच्या वळणाची चित्रे कशी वाचायची हे मला इंग्रजी न येता कळले ते अशाच मराठी लेखनामुळे.

चौकटीबाहेर राहिलेला माणूस

आता एक अडचण सांगतो. या सगळ्या वैभवात मी माझ्या गावाला शोधत होतो. गावकरी सापडतो, नाही असे नाही. मुंडासे, काठी, मिशा, गुडघ्यापर्यंत धोतर. तो शहरातल्या दिवाणखान्यात येतो, कोचावर पाय वर घेऊन बसतो, चहा बशीत ओतून भुरका मारतो, लिफ्टला घाबरतो. चित्र मजेदार असते. पण माझ्याकडच्या अंकांत त्याच्या उलटे चित्र फार थोडे सापडते. शहरातला पाहुणा गावात येतो, उभ्या पिकातून चालत जातो, कोणाच्याही दारातून आत डोकावतो, म्हाताऱ्या माणसाला नावाने हाक मारतो, पंगतीत सगळ्यांच्या आधी उठतो. आमच्याकडे ही आगळीक आहे. बशीतला चहा ही आगळीक नाही, ती चहा निववायची रीत आहे.

रीतभात एकाची असते आणि हसू दुसऱ्याचे, तेव्हा विनोद कुचेष्टेकडे सरकतो. चित्रकार वाईट होते असे मी म्हणत नाही. अंक पुण्या-मुंबईत निघत, चित्रकार तिथे राहत, त्यांनी जे शेजारी पाहिले ते काढले. आणि शेजाऱ्यांना त्यांनी सोडले नाही, हेही खरे. कथेत मात्र द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांनी गावाचा विनोद गावाच्या आतून सांगितला. तिथे गावकरीच हसणारा आहे आणि गावकरीच फजीत होणारा. चित्रात ही आतली नजर तेवढ्या ताकदीने आली नाही, असे माझे निरीक्षण आहे.

हे निरीक्षण मी टेचात सांगू शकत नाही. कारण मी स्वतः गावातला असून नेमकी तीच चूक केली.

हॉटेलची भिंत

नव्वदच्या दशकातली गोष्ट. स्टँडजवळच्या एका चहाच्या हॉटेलमालकाने मला भिंतीवर काहीतरी गमतीचे काढायला सांगितले. हॉटेलात एकच वर्तमानपत्र यायचे आणि एक म्हातारबाबा ते सकाळी जे धरायचे ते दोन-दोन तास सोडायचे नाहीत. चहा एक कप. बाकीची गिऱ्हाईके ताटकळत. मालक म्हणाला, ‘‘पेंटर, याच्यावरच काढा.’’ मी काढले. कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस पेपर पसरून बसला आहे, त्याच्या चपलांना मुळे फुटली आहेत, टोपीवर चिमणीने घरटे केले आहे, आणि मागे हात पसरून उभ्या माणसांची रांग पार चौफुल्याच्या फाट्यापर्यंत गेली आहे. खाली दोन ओळींचा टोमणाही लिहिला. नाव लिहिले नाही. पण टोपीची घडी आणि चष्म्याची दोरी मी हुबेहूब काढली होती. लोक पोट धरून हसले. मला चार बोर्डांची कामे त्या भिंतीने मिळवून दिली.

म्हातारबाबा हॉटेलात यायचे बंद झाले. मला तेव्हा वाटले, चला, चित्राने काम केले.

वर्षभराने त्यांच्या नातवाच्या सायकलवर नाव टाकायला मी त्यांच्या घरी गेलो. म्हातारबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला चहा दिला, काही बोलले नाहीत. नातू मात्र बोलला. आजोबा साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकले होते, सत्तरीच्या आसपास. घरात पेपर यायचा नाही. हॉटेलात ते एकेक अक्षर लावून वाचायचे. दोन तासांत पहिल्या पानावरच्या दोन-तीन बातम्या व्हायच्या. आता ते वाचत नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन भिंतीला चुना मारला. मालक थोडा कुरकुरला. म्हातारबाबांना मी कधी माफी मागितली नाही, कारण माफी मागायची म्हणजे ते चित्र त्यांचे होते हे दोघांनी मोठ्याने कबूल करायचे. तेवढे धैर्य मला झाले नाही. सायकलचे पैसे घेतले नाहीत, एवढेच.

त्या भिंतीने मला दोन गोष्टी शिकवल्या, ज्या पुस्तकात पुढे वाचायला मिळाल्या तरी आधी तिथेच कळल्या होत्या. पहिली, अर्कचित्र आणि रीतभातीचे व्यंगचित्र यांत फरक आहे. अर्कचित्र एका ओळखीच्या व्यक्तीचे असते आणि ते सत्तेतल्या, प्रसिद्धीतल्या माणसाचे शोभते. त्याला उत्तर द्यायची ताकद असते. रीतभातीच्या चित्रातला माणूस कोणीही असावा लागतो. त्याला एका विशिष्ट माणसाची टोपी घातली की तो विनोद राहत नाही, ती चावडीवरची शिक्षा होते. दुसरी, आगळीक करणाऱ्याकडे कारण असू शकते आणि रेषेला ते दिसत नाही. रेष बाहेरचेच दाखवते. म्हणून चित्रकाराने रेष ओढायच्या आधी निदान एकदा विचारायला हवे, हा माणूस असा का बसला असेल?

चौकात उभा राहिलेला चित्रकार

मग तिरकसपणाने काहीच साधत नाही का? साधते, आणि त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. मंगेश तेंडुलकर हे नाव व्यंगचित्रकार, लेखक, नाट्यसमीक्षक म्हणून वाचकांना माहीत आहे. २०१७ च्या जुलैमध्ये ते गेले. कितीतरी वर्षे दिवाळीत ते कर्वे रस्त्यावरच्या नळ स्टॉप चौकात उभे राहत आणि सिग्नलला थांबलेल्या वाहनचालकांच्या हातात आपण काढलेली शुभेच्छापत्रे देत. पत्रावर वाहतुकीच्या बेशिस्तीवरचे व्यंगचित्र असे.

या साध्या कृतीत मला रीतभातीच्या विनोदाचा पूर्ण विचार दिसतो. एक तर चित्र शुभेच्छापत्रावर आहे. टोमणा आहे, पण सणाच्या दिवशी, हातात हात दिल्यासारखा. दुसरे, चित्रकार स्वतः धुरात, गोंगाटात, त्याच चौकात उभा आहे. दुरून दगड मारत नाही. तिसरे, पत्र मिळते ते सिग्नलला थांबलेल्या माणसाला. म्हणजे त्या क्षणी तरी तो नियम पाळतो आहे. त्याला आधी सज्जन मानून मग चिमटा काढलेला आहे. फाळक्यावरचे माझे टोमणे आणि ही पत्रे यांत हाच फरक. मी ज्याला टोमणा मारायचो त्याला धूळ खायला मागे सोडून ट्रॉली पुढे निघून जायची.

जगात इतरत्रही हे प्रयोग झाले आहेत. तोक्योच्या मेट्रोत २००८ पासून काही वर्षे बुनपेई योरिफुजी या चित्रकाराची पोस्टर लागत होती. डब्यात पाय पसरणारा, जोरात बोलणारा असा एकेक नमुना आणि सांगणे एवढेच की हे घरी करा. मनाई नाही, फक्त जागा बदला. आपल्याकडच्या पुणेरी पाट्यांचा झटका त्यात नाही. पुणेरी पाटी मला आवडते, पण तिच्यात एक अडचण आहे. ती येणाऱ्या प्रत्येकाला आगळीक करणारा मानूनच दारात उभी असते. लिहिणारा कायम शहाणा, वाचणारा कायम मूर्ख. वाचणारा हसतो ते दुसऱ्याच्या दारातली पाटी असेल तर.

याच्या अगदी उलट टोकाला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या या पोराने मोठ्यांच्या रीतभातीची जी तपासणी केली ती लहान मुलाच्या प्रश्नांतून. घरात खोटे बोलू नको म्हणणारे बाबा फोनवर ‘मी घरी नाही म्हणून सांग’ म्हणतात, असल्या प्रसंगांत मूल काही शिकवत नाही, फक्त विचारते. मोठ्यांना अपमान वाटत नाही आणि सुटकाही मिळत नाही.

आज काढायची चित्रे

न्हावऱ्यात आज मी कुंचला घेतला तर काय काढीन? विषयांना तोटा नाही. आमच्या शिरूर-दौंडकडच्या लग्नात मुहूर्त टळून जातो तरी शुभाशीर्वादाची भाषणे संपत नाहीत. नवरा-नवरी हार घेऊन उभे, भटजी घड्याळाकडे बघताहेत आणि निवेदक आलेल्या प्रत्येक मान्यवराचे पदांसकट नाव घेतो आहे, कारण एक नाव राहिले तर कायमचा रुसवा. दशक्रियेलाही हीच तऱ्हा. कावळा घासाला शिवायच्या आधी चार श्रद्धांजल्या होतात आणि त्यातल्या दोन पुढच्या निवडणुकीच्या असतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एका तरुणाचा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. तिथे व्यंगचित्रकाराला करायला काही उरलेच नाही.

या चित्रांत खलनायक शोधू गेले तर सापडत नाही. वक्ता म्हणतो, मला बोलायचे नव्हते, आग्रह झाला. निवेदक म्हणतो, नाव नाही घेतले तर भांडण. यजमान म्हणतो, लोक काय म्हणतील? मंडपात बसलेले आपण सगळे वैतागतो आणि स्वतःच्या घरच्या लग्नात तेच करतो. करणारा, सोसणारा आणि पाहणारा इथे एकच माणूस आहे. म्हणून हा विषय काढायला अवघड, आणि म्हणूनच काढण्यासारखा. तो पुण्यातून दिसणार नाही. मंडपात अक्षता हातात घेऊन तासभर बसलेल्यालाच दिसेल. आज हातात मोबाइल असलेली गावातली पोरे अशी चित्रे करून एकमेकांना पाठवतात. रेष कच्ची असते, पण बसायची जागा बरोबर असते. फक्त कोणाची टोपी हुबेहूब काढायची नाही, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

शेवटी वाचकांना एक विनंती. जुने अंक जमवताना मला वारंवार दिसले की अनुक्रमणिकेत कथाकार-कवींची नावे पानांच्या क्रमांकांसह असतात आणि व्यंगचित्रकार मात्र खाली एका ओळीत, पान क्रमांकाशिवाय. ग्रंथालयांत बांधणी केलेल्या ज्या खंडांना मी हात लावला त्यांतल्या कितीतरींची मुखपृष्ठे बांधताना काढून टाकलेली होती. म्हणजे जे चित्र पाहून अंक विकला गेला, तेच जपले गेले नाही. तुमच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर ते रद्दीत घालण्याआधी एकदा कव्हर पाहा आणि कोपऱ्यातली सही वाचा. सही लागली तर वहीत लिहून ठेवा. कोणत्या अंकात, कोणत्या साली, कोणत्या पानावर कोणाचे चित्र, एवढी यादी झाली तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होईल. माझ्या यादीत अजून पुष्कळ सह्या अशा आहेत की ज्यांचे पूर्ण नाव मला लावता आलेले नाही.

त्या लावायला मला वेळ लागतो. एकेक अक्षर लावून वाचावे लागते. तेव्हा मला ते म्हातारबाबा आठवतात.